स्कॉटलंडमधलं गाव बघायचंय, किल्ले नकोत. आईबाबांसाठी मार्ग सुचवा

माणगंगा

नमस्कार मंडळी,

गेली सहा वर्षं मी ग्लासगोत आहे. मे महिन्यात आईबाबा पहिल्यांदाच इकडे येतायत. त्यातले आठ दिवस गाडी घेऊन उत्तरेकडे, हायलँड्स आणि बेटांवर जायचं मनात आहे. बाबा ६८ वर्षांचे, माण तालुक्यातले शेतकरी, चालायला लागले की मला मागे टाकतात. आई पूर्ण शाकाहारी.

गेल्या वर्षी ग्लेन कोच्या रस्त्यावर थांबून मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला होता. डोंगर, ओढे, ढग, सगळं फिरवून दाखवलं. बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पाणी हाय, गवात हाय, एवढं रान हाय. मग माणसं कुठं गेली?"

आमच्याकडे पाणी नाही म्हणून माणसं गाव सोडतात. बाबांनी चारा छावणीत जनावरांजवळ झोपून दिवस काढलेत. एवढं पाणी असून गाव नाही, हे त्यांना काही केल्या पटेना, आणि मला नीट सांगता आलं नाही.

म्हणून दोन गोष्टी विचारते. इथली शेती, घरं, जनावरं, रोजचं काम कुठे बघायला मिळेल? आणि बाबांच्या प्रश्नाला खरं उत्तर काय द्यायचं? किल्ल्यांच्या रांगेत त्यांना उभं करायचं नाहीये.

सायली_के

काकांचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला. वाचतेय. धागा वाचनखुणांत टाकला.

लीथचा_नाना

माणगंगाताई, मी एकोणीस वर्षं एडिनबरात आहे. काकांनी नेमकं बोट ठेवलंय. ती रानं मुळात रिकामी नव्हती, रिकामी केली.

अठराव्या शतकाच्या शेवटापासून साधारण १८५०च्या दशकापर्यंत हायलँड्समध्ये जे झालं त्याला 'क्लिअरन्सेस' म्हणतात. जमीन जमीनदाराची, कसणारी सगळी कुळं, हातात कागद नाही. दक्षिणेकडचे मेंढपाळ चेविऑट जातीच्या मेंढ्यांसाठी कुळांच्या कितीतरी पट खंड द्यायला तयार झाले. मग खोऱ्यांतली माणसं उठवून समुद्रकाठच्या खडकाळ तुकड्यांवर बसवली, नाहीतर जहाजात घालून कॅनडाला पाठवली. सदरलँडमधल्या स्ट्रॅथनेव्हरचं नाव सगळ्यात बदनाम. १८१४मध्ये तिथे पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यानं घरांची आढी-वासे पेटवले, म्हणजे लोक परत येऊन छप्पर घालू नयेत. रिकामी झालेली जमीन मेंढ्यांसाठी त्यानंच खंडानं घेतली होती. १८१६ला इनव्हर्नेसला खटला झाला आणि तो निर्दोष सुटला.

एक जागा सांगतो. क्रोइक नावाचं एक छोटं चर्च आहे, आडवाटेला. १८४५च्या मेमध्ये ग्लेनकॅल्वीची उठवलेली माणसं त्याच्या आवारात, कबरींच्या मधे, कापडं ताणून राहिली होती. चर्चच्या आत गेली नाहीत. बाहेरून खिडकीच्या शंकरपाळ्यासारख्या काचांवर त्यांनी टोकदार वस्तूनं ओरखडून आपली नोंद ठेवली. अक्षरं अजून आहेत. त्यातले दोन शब्द 'दुष्ट पिढी' असे आहेत, आणि ते स्वतःबद्दल आहेत. आपल्याच पापाची ही शिक्षा, असं त्यांना वाटलं होतं. मी तिथे उभा राहिलो तेव्हा काचेला हात लावायचा धीर झाला नाही.

बखरवाला

@लीथचा_नाना, तुमचा प्रतिसाद आवडला, पण चित्र एवढंच नाही. हायलँड्समध्ये लोकसंख्या झपाट्यानं वाढली होती. समुद्रातलं शेवाळ जाळून 'केल्प'ची राख विकायचा धंदा नेपोलियनच्या युद्धांत जोरात होता, युद्ध संपल्यावर तो कोसळला. १८४६ला बटाट्यावर करपा आला, आणि बेटांवरची माणसं तर बटाट्यावरच जगत होती. कित्येक जण दुष्काळाला कंटाळून स्वतःहून गेले. काही जमीनदारांनी धान्य वाटून कर्जं केली. सगळ्यांना सेलरच्या रांगेत बसवणं अन्यायाचं होईल.

आणि किल्ले का नकोत? तोही वारसाच आहे. आपण रायगड सोडून फक्त गावठाण बघा असं कुणाला सांगतो का?

लीथचा_नाना

@बखरवाला, करपा आणि केल्प, दोन्ही मान्य. पण ही माणसं बटाट्यावर का आली? चांगली जमीन काढून घेतल्यावर दोन-चार एकरांच्या खडकाळ तुकड्यात दुसरं काही पोट भरेल एवढं पिकत नव्हतं. केल्पसाठी मजूर हवे होते तोवर जमीनदारांनीच माणसं किनाऱ्यावर दाटीनं बसवली. मजुरी संपली तेव्हा तीच माणसं 'जास्त' झाली. स्वतःहून गेले म्हणताना हा क्रम विसरता येणार नाही.

किल्ल्यांबद्दल भांडण नाही. पण किल्ला कोणीही दाखवतो. खोऱ्यात गुडघाभर उरलेली भिंत दाखवायला माणूस लागतो.

पेठेतली_वकीलीण

कूळ, खंड, बेदखल हे शब्द दिसल्यावर मला राहवेना.

माणगंगा, स्काय बेटावर जाणार असाल तर पोर्ट्रीच्या दक्षिणेला ब्रेस नावाची वस्ती आहे, तिथे नक्की थांबा. भांडण कशावरून पेटलं? गायरानावरून. बेन ली नावाचा डोंगर ब्रेसची कुळं पिढ्यान्‌पिढ्या जनावरं चारायला वापरत होती. १८६०च्या दशकात जमीनदारानं तो काढून दुसऱ्याला खंडानं दिला. कुळं म्हणाली, आमचं गायरान परत मिळेपर्यंत खंड देणार नाही. एप्रिल १८८२मध्ये त्यांना पकडायला ग्लासगोहून पन्नासेक पोलीस आणावे लागले, आणि बायकांनी त्यांच्यावर वरून दगडांचा मारा केला. रस्त्याच्या कडेला त्याचं स्मारक आहे.

या गोंधळानंतर सरकारनं चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष लॉर्ड नेपिअर. हे गृहस्थ आधी सहा वर्षं मद्रासचे गव्हर्नर होते, आणि १८७२ला लॉर्ड मेयोचा खून झाल्यावर काही काळ हंगामी व्हाइसरॉयही होते. आयोगाची पहिली बैठक मे १८८३मध्ये ब्रेसलाच भरली. गावोगाव बसून शेकडो लोकांच्या जबान्या घेतल्या. ज्यांना गेलिकशिवाय दुसरी भाषा येत नव्हती त्यांचंही म्हणणं दुभाष्या लावून लिहून घेतलं.

त्यातून १८८६चा क्रॉफ्टर कायदा आला (क्रॉफ्टर म्हणजे जमिनीचा छोटा तुकडा कसणारं तिथलं कूळ). कुळाला उठवता येणार नाही, खंड वाजवी किती ते आयोग ठरवेल, कुळानं बांधलेल्या घराची-बांधाची भरपाई मिळेल, आणि कूळहक्क वारसाकडे जाईल. आपला मुंबई कूळवहिवाट कायदा १९४८चा, त्याच्या बासष्ट वर्षं आधीची ही गोष्ट. पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे पुढे 'कसेल त्याची जमीन' झाली, मालकी आली. तिथे क्रॉफ्टर कूळच राहिला, फक्त भक्कम कूळ. जमीन विकत घ्यायचा हक्क १९७६ला मिळाला, तोही वार्षिक खंडाच्या पंधरा पट इतक्या कमी पैशात, तरी पुष्कळांनी घेतली नाही. आणि ज्यांच्याकडे तुकडाच नव्हता त्या भूमिहीनांना १८८६च्या कायद्यानं काहीच दिलं नाही. ही त्यातली मोठी उणीव, असं माझं मत.

चहाटळ

तिकडे म्हणतातच ना, क्रॉफ्ट म्हणजे चारी बाजूंनी कायद्यानं वेढलेला जमिनीचा छोटा तुकडा!

पेठेतली_वकीलीण

:) अगदी. आजही क्रॉफ्टरनं आपल्या क्रॉफ्टपासून ३२ किलोमीटरच्या आत राहिलं पाहिजे, जमीन कसली पाहिजे, पडीक ठेवता कामा नये, अशा अटी आहेत. मला त्या योग्य वाटतात. शहरात बसून सातबारा सांभाळणाऱ्यांचे खटले मी रोज बघते.

काळी_मिठी

'क्रॉफ्ट' म्हणजे नक्की काय? घर की शेत?

स्कायवासी

@काळी_मिठी, क्रॉफ्ट म्हणजे जमीन. घर त्यावर असेल किंवा नसेल. दहा-पंधरा क्रॉफ्टची मिळून एक वस्ती, तिला टाउनशिप म्हणतात. प्रत्येकाचा आपापला पट्टा, आणि वरचा डोंगर सगळ्यांचा सामाईक. त्या डोंगरावर कुणी किती मेंढ्या-गाई सोडायच्या याचा वाटा ठरलेला असतो. हिशेब ठेवायला गावानं निवडलेला कारकून असतो. असे वीस हजारांहून जास्त क्रॉफ्ट आजही आहेत.

मी स्कायवर अकरा वर्षं राहतोय. मूळ गाव गुहागरजवळ. इथल्या दवाखान्यात काम करतो, त्यामुळे घरोघरी जाणं होतं. वरचे प्रतिसाद वाचून एक सांगावंसं वाटलं: ही माणसं संपलेली नाहीत. संग्रहालयात बघण्यासारखी तर अजिबात नाहीत. माझे शेजारी सकाळी पोरांना शाळेच्या बसमध्ये बसवतात, दुपारी रस्त्याच्या कामावर किंवा कोळंबीच्या बोटीवर, संध्याकाळी मेंढ्या. एका धंद्यावर कुणाचंच भागत नाही, पूर्वीही भागत नव्हतं.

एप्रिल-मेमध्ये मेंढ्या वितात. माझी शेजारीण त्या दिवसांत रात्री दोन-दोनदा कंदील घेऊन बाहेर पडते. गेल्या वर्षी एका मेंढीचं कोकरू मेलं, आणि दुसरीला दोन झाली होती. तिनं मेलेल्या कोकराची कातडी सोलून जुळ्यातल्या एकाला झबल्यासारखी घातली, पाय बाहेर काढून. मेंढीनं हुंगलं, दोनदा ढुशी दिली, आणि तिसऱ्या वेळी पाजलं. मी टॉर्च धरून उभा होतो. तिनं हात पाण्यात बुडवले आणि पुढच्या मेंढीकडे गेली.

दुखणं विचाराल तर घरांचं. पर्यटकांसाठी आणि सुट्टीपुरती घेतलेली घरं एवढी झालीत की इथल्याच पोरांना इथे घर मिळत नाही. माणसं आताही जातायत, फक्त कुणी छप्पर जाळत नाही.

दख्खनी

@स्कायवासी, कातडीचं झबलं वाचून थेट आमच्या वाड्यावर पोचलो. आमचे धनगर मामा मेंढी पिल्लू घेईना की तिला धरून पाजायचे, पण ही युक्ती ऐकली नव्हती. लांडग्याचा त्रास तिकडे नसेल ना?

स्कायवासी

लांडगे कधीच संपले. पण समुद्री गरुड आहेत. ते इथून नामशेष झाले होते, १९७५पासून रम बेटावर पुन्हा सोडले. आता पर्यटक गरुड बघायला येतात आणि मेंढपाळ कोकरं मोजतात. दोन्ही बाजू ऐकल्यात मी. ज्याचं कोकरू गेलं त्याच्याशी मला वाद घालता येत नाही.

खळ_चिंचोक्याची

मेंढ्यांचा विषय निघालाच आहे तर लोकरीबद्दल लिहिते. माझं आजोळ सणगरांचं. आजोबा खड्डामागावर घोंगडी विणायचे, आजी चिंचोक्याची खळ लावून वाळत घालायची.

तीन वर्षांपूर्वी हॅरिस बेटावर गेले होते. तिथे हॅरिस ट्वीड नावाचं लोकरी कापड तयार होतं, आणि त्याला १९९३चा स्वतंत्र कायदाच आहे. लोकर बेटांवरच रंगवलेली आणि कातलेली हवी, विणणाऱ्यानं बेटांवरच्या स्वतःच्या घरीच विणलेलं हवं, शेवटचं धुणं-घोटणंही बेटांवरच. मगच त्यावर गोल आणि क्रुसाचा शिक्का बसतो. कारखान्यात माग लावून विणलं तर ते हॅरिस ट्वीड नव्हे.

एका घरामागच्या पत्र्याच्या शेडमधून खटक्-खटक् ऐकू आलं म्हणून दारात उभी राहिले. आतल्या आजोबांनी हातानंच बोलावलं. माग पायानं चालतो, सायकलसारखे पायटे मारायचे. वीज फक्त डोक्यावरच्या दिव्याला. लांबून करडं दिसणारं कापड जवळून बघितलं तर त्यात निळा, गंजासारखा तांबूस, शेवाळी, पिवळा, असे कितीतरी धागे. लोकर आधी रंगवतात आणि मग वेगवेगळे रंग मिसळून काततात, म्हणून एका धाग्यातच चार रंग असतात. पूर्वी तो तांबूस रंग खडकावरच्या दगडफुलापासून करायचे. आजोबांनी चालत्या मागावर एक तुटलेला धागा बोटानं शोधला, थुंकी लावून पीळ दिला. माझे आजोबा अगदी तसंच करायचे. मला तिथून निघवेना.

आणि घोटणं! विणलेलं ओलं कापड लांब टेबलावर घेऊन बायका दोन्ही बाजूंनी बसायच्या आणि तालात आपटायच्या, म्हणजे कापड दाट होतं. एक ओळ म्हणणार, बाकीच्या धरणार. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखंच, कामाच्या तालावर गाणं, आणि बायकांच्या मनातलं सगळं त्यात. कापड घड्याळाच्या दिशेनंच फिरवायचं, प्रदक्षिणेसारखं. उलटं फिरवणं अशुभ. यंत्रं आल्यावर ते काम थांबलं, पण गाणी टिकली.

सायली_के

+१. 'थुंकी लावून पीळ दिला' हे डोळ्यांसमोर उभं राहिलं.

बखरवाला

@खळ_चिंचोक्याची, अप्रतिम. एक भर घालतो. या कापडाला बाहेरचं गिऱ्हाईक मिळवून दिलं ते हॅरिसच्या जमीनदारीणबाईंनी, लेडी डनमोर यांनी, १८४०च्या दशकात. म्हणजे सगळेच जमीनदार वाईट नव्हते, हे माझं म्हणणं कायम.

माहीमचा_रहिवासी

जमीनदारांच्या पैशाचा विषय आहे तर आपल्या मुंबईचाही हिशेब मांडू. लुईस बेट १८४४ला जेम्स मॅथेसननं विकत घेतलं. जार्डिन-मॅथेसन कंपनीतला मॅथेसन. पैसा चीनला विकलेल्या अफूचा, आणि त्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची. सर जमशेटजी जीजीभाई हे जार्डिनचे मुंबईतले मोठे भागीदार-दलाल. त्या पैशातून लुईसवरच्या स्टॉर्नोवे गावातला लूज कॅसल उभा राहिला. बटाट्याच्या दुष्काळात मॅथेसननं धान्य पुरवलं हे खरं, पण १८५०च्या दशकात दोन हजारांवर माणसं त्याच्या बेटावरून कॅनडाला धाडली हेही खरं. किल्ला नको म्हणणाऱ्या माणगंगाताईंनी हा एवढा एक बघावा. आत आता बेटांचं संग्रहालय आहे.

पुढचा मालक लॉर्ड लीव्हरह्यूम, साबणवाला. त्यानं १९२३ला स्टॉर्नोवेचा परिसर तिथल्या लोकांनाच देऊन टाकला. लोकांनी निवडलेला ट्रस्ट तिथली जमीन आजही सांभाळतो.

नाचणी

काकूंच्या जेवणाचं कुणीच बोलेना म्हणून मी बोलते. :)

ओटकेक, क्राउडी नावाचं मऊ चीज, बटाट्याचे तव्यावरचे टॅटी स्कोन, मसूर-गाजराचं सूप (मांसाचा रस्सा घातलाय का, विचारून घ्या), शाकाहारी हॅगिससुद्धा (एरवी हा मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचा पदार्थ) सगळीकडे मिळतं. पॉरिज सकाळी हमखास. जुन्या पद्धतीत त्यात फक्त पाणी आणि मीठ, साखर नाही. आपल्या आंबील-घाट्याच्या जवळचा प्रकार. काकूंना आवडेल.

आणि बेअर! 'बेअर' हे जुन्या जातीचं जव. थंड, वाऱ्याच्या, हलक्या जमिनीत कमी दिवसांत येतं, म्हणून उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांत टिकलं. तिथे बर्से गावात १८७३ची पाणचक्की अजून ते दळते. त्या पिठाचा बॅनक तव्यावर भाजतात. मी पीठ मागवून भाकरी थापून बघितली. एकटं पीठ चिरतं, पण उकड काढून घेतली की तांदळासारखी नाही तरी नाचणीसारखी थापता येते. चव किंचित धुरकट, मातकट. लसणाच्या चटणीबरोबर फार छान लागते. ऑर्कनी तुमच्या वाटेवर नाही, पण पीठ मिळालं तर घ्याच.

महाबळेश्वरकर

थोडं अवांतर. आमच्या महाबळेश्वरची बाजारपेठ म्हणजे मूळची माल्कम पेठ, मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या नावाची. हा माल्कम स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरच्या लँगहोमजवळचा. तिथल्या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ उंच स्तंभ आहे. मी नावाच्या ओढीनं गेलो आणि दुसरंच काही बघून आलो.

जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी तिथे 'कॉमन रायडिंग' असतं. गावाची सामाईक जमीन कुठपर्यंत, हा वाद १७५९ला कोर्टानं निकाली काढला. तेव्हापासून दरवर्षी शिवेवर जाऊन खुणा तपासायच्या, हा रिवाज. आता शेकडो घोडेस्वार जातात. मिरवणुकीत काठीवर काय काय असतं बघा: जवाचा बॅनक आणि त्यावर खिळ्यानं ठोकलेला खारवलेला हेरिंग मासा, माणसापेक्षा उंच थिसलचं (काटेरी रोपाचं) झाड, गुलाबांचा मुकुट, आणि शिवेवरची ढेकळं काढायचं फावडं. एक माणूस घोड्याच्या पाठीवर उभा राहून गावाच्या हक्कांची दवंडी देतो. मासा आणि भाकरी बघून मला गावदेवाची पालखी आठवली.

याच लँगहोमच्या लोकांनी २०२१ आणि २०२२ असं दोनदा पैसे जमवून भोवतालचं दहा हजार एकर माळरान बड्या जमीनदाराकडून विकत घेतलं. शीव राखणाऱ्या गावाला हे सुचणारच.

दख्खनी

दहा हजार एकर? गावानं? आमच्याकडे गायरानातले चार एकर वाचवताना नाकीनऊ येतात.

लीथचा_नाना

@दख्खनी, सुरुवात असिंटच्या क्रॉफ्टरांनी केली, १९९३ला. इस्टेट विक्रीला निघाली, त्यांनी वर्गणी काढून २१ हजार एकर घेतली. मग १९९७ला एग बेट. एगवर आधी प्रत्येक घराचा स्वतःचा डिझेल जनरेटर घरघरत असे. गावाची मालकी आल्यावर २००८ला त्यांनी पाणी, वारा आणि ऊन तिन्हींवर चालणारी स्वतःची वीज उभी केली. घराला वापराची मर्यादा आहे, ती सगळे पाळतात. २००३च्या कायद्यानं गावांना जमीन विकत घेण्यात पहिला हक्क दिला. त्याच कायद्यानं कुणाच्याही रानातून जबाबदारीनं चालायचा हक्कही सगळ्यांना मिळाला, तो तुम्हालाही आहे.

माणगंगा

मंडळी, दोन दिवस फक्त वाचतेय. किती भरभरून लिहिलंत! असा मार्ग काढलाय: ग्लासगो – न्यूटनमोरचं हायलँड फोक म्युझियम – ग्लेनेल्ग – स्काय – उइगहून बोटीनं हॅरिस – लुईस – स्टॉर्नोवेहून बोटीनं उलापूल – इनव्हर्नेस – परत. काही सुटतंय का?

स्कायवासी

उत्तम. ग्लेनेल्गहून कायलरियाला ती छोटी फेरीबोट घ्या, पूल नको. गाड्यांचा डेक माणसं हातानं ढकलून फिरवतात, असली बोट जगात आता ही एकच उरलीय, आणि गावाच्याच मालकीची आहे. त्याच खाडीतून पूर्वी स्कायच्या गाई पोहत पलीकडे नेत. एकीच्या जबड्याला दोर, तो पुढचीच्या शेपटीला, अशी सहा-आठ गाईंची माळ बोटीमागे. तिथून चालत थेट फॉलकर्कच्या बाजाराला. काकांना हे सांगाच.

दुसरं, ब्रॉडफर्डच्या दक्षिणेला बोरेरेगला चालत जा. १८५३ला उठवलेलं गाव. जाऊन-येऊन निम्मा दिवस लागतो, वाट ओली, बूट चांगले घाला. फलक फारसे नाहीत. काकांना लागणारही नाहीत.

परतीच्या दिवशी डिंगवॉलचा जनावरांचा बाजार लागला तर थांबा. गोल रिंगण, पायऱ्यांवर बसलेले शेतकरी, आणि भुवई उडवली की बोली.

नाचणी

रविवारी लुईसवर असाल तर आदल्या दिवशी जेवणाचं सामान भरून ठेवा, बरंच बंद असतं. तिथे रविवार मनापासून पाळतात, दोरीवर कपडेही वाळत घालत नाहीत. एकेरी रस्त्यावर समोरून गाडी आली की रुंद जागी थांबा आणि हात करा. बोटींचं बुकिंग आत्ताच करा.

खळ_चिंचोक्याची

आर्नोलचं ४२ नंबरचं ब्लॅकहाउस चुकवू नका. जाड दगडी भिंत, वर गवताचं छप्पर, दगड बांधलेल्या दोऱ्यांनी दाबलेलं. माणसं आणि गुरं एकाच छपराखाली. १९६६पर्यंत तिथे लोक राहत होते. मधोमध पीटचा विस्तव (पीट म्हणजे दलदलीतून विटांसारखी कापून वाळवलेली, जळणारी माती), धुराडं नाही. जुनं छप्पर उतरवलं की ते काजळलेलं गवत शेतात खत म्हणून टाकायचे.

माणगंगा

जूनचा पहिला आठवडा. आईबाबा परवा परत गेले. तुम्हा सगळ्यांना वृत्तांत द्यायचा होता, सगळं लिहीत नाही, तीनच गोष्टी लिहिते.

आर्नोलला आत शिरल्या शिरल्या आईचे डोळे चुरचुरले. म्हणाली, "माझ्या सासूच्या चुलीपुढं बसल्यागत झालं." तिथल्या बाईंनी पीटची एक वीट विस्तवावर ठेवली. आईनं वाकून बघितलं, आणि खुणेनंच सांगितलं की जरा उभी लावा, पेटेल. बाईंनी उभी लावली. गोठ्याची बाजू बघून बाबा म्हणाले, "उतार बरोबर काढलाय. मूत खाली जातंय, माणसाकडं येत नाही."

त्या संध्याकाळी आम्ही उतरलो होतो तिथले घरमालक पीट काढायला निघाले, बाबा त्यांच्या मागे. एक जण लांब दांड्याच्या पात्यानं ओली वीट कापतो, दुसरा खालून झेलून गवतावर फेकतो. बाबांनी झेलायचं काम घेतलं. पहिल्या चार-पाच विटा हातातच मोडल्या, लोण्यासारख्या असतात. मग जमलं. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती. दोन तास काम केलं. वाळलेल्या पीटची घरापाशी रचलेली रास बघून बाबा म्हणाले, "शेणीचा हुडवा हाय हा."

आणि बोरेरेग. @स्कायवासी, तुमचे आभार कसे मानू? समुद्राकडे उतरणारं हिरवंगार खोरं, त्यात कमरेएवढ्या भिंती. बाबा एक-एक घर मोजत गेले आणि मधेच मोजायचं थांबले. मग एका भिंतीमागे वाकून त्यांनी गवत हातात धरलं. बाहेरचं गवत पिवळट, चिवट. भिंतींच्या जवळचं मऊ, गडद. म्हणाले, "हितं जनावर बांधत होते. शेण पडलेलं हाय पिढ्यान्‌पिढ्या. दीडशे वर्सं झाली म्हणतीस, अजून जमीन इसरली न्हाई." पलीकडे उताराला उंच वाफ्यांच्या रांगा दिसत होत्या, त्यांवरून ते पाऊल मोजत चालत गेले. मी त्यांना सगळं सांगितलं, चेविऑट, खंड, कारभारी, जहाजं. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "आन् गायरान?" मी ब्रेसच्या बायकांचं सांगितलं. "दगड मारले? चांगलं केलं," एवढंच म्हणाले.

आईनं एका उंबऱ्यावर बसून दशम्या सोडल्या. पहिला घास तिनं मोडून भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला, जिथे चूल असावी असं तिला वाटलं तिथे.

निघताना कुंपणाचं फाटक मी लावलं होतं. बाबा पन्नास पावलं जाऊन परत आले आणि कडी हलवून बघितली. आत कुणाच्या तरी मेंढ्या होत्या, लहान कोकरांसकट.

स्कायवासी

त्या मेंढ्या आमच्याच ओळखीतल्या क्रॉफ्टरच्या आहेत. त्याला सांगतो, फाटक दोनदा तपासलंय म्हणून. काकांना म्हणावं, पुढच्या वेळी एप्रिलात या, वितीच्या दिवसांत माणूस कमीच पडतो.